पंखे तीन, तरी ड्राइव्ह ५९ अंशांवर: एका फोटो स्टुडिओतल्या संगणकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातला हा फोटो स्टुडिओ. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नावं सांगत नाही. दुकान पहिल्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, भिंत पश्चिमेची. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई जोरात असते. खिडकीत डेझर्ट कूलर लावलेला. तो चालू असूनही दुपारी तीनला खोलीत ३८ अंश भरायचे.

अल्बमचं सगळं काम एकाच डेस्कटॉपवर चालायचं. विंडोज एका एसएसडीवर आणि फोटो-व्हिडिओ चार साडेतीन इंची हार्ड ड्राइव्हवर: ४ टीबीचे दोन, २ टीबीचा एक आणि १ टीबीचा एक जुना. कॅबिनेट दहा-अकरा वर्षांचं होतं. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, वर आणि ड्राइव्हचा पिंजरा पुढे खाली. समोरचा चेहरा अख्खा गुळगुळीत प्लॅस्टिकचा, हवेसाठी फक्त दोन्ही कडांना बारीक खाचा. आतला प्रोसेसर आणि बोर्ड मधल्या काळात बदलले होते, पत्रा तोच राहिला.

दादांनी (स्टुडिओचे मालक) फोन केला तेव्हा त्यांची मागणी साधी होती. "भाऊ, मशीन लय तापून राहिली. एक चांगला मोठा पंखा मारून द्या ना."

अडचण

मी पोचलो तेव्हा कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि स्टुलावरचा टेबल फॅन सरळ बोर्डावर सोडलेला. अल्बम करणाऱ्या ताईंनी सांगितलं की दुपारच्या वेळी एखादं जुनं फोल्डर उघडलं की पडदा पाच-दहा सेकंद गोठतो, आतून बारीक टिकटिक ऐकू येते आणि मग काम पुढे सरकतं. दोन दिवसांपूर्वी एका लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर घेताना कॉपी अर्ध्यात थांबली होती.

गोठणं आणि टिकटिक ऐकलं तेव्हाच माझ्या मनात पंख्याचा विषय दुसऱ्या क्रमांकावर गेला. ड्राइव्ह एखादी जागा वाचू शकत नसला की पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि तेव्हा असंच होतं.

ड्राइव्ह तपासायचा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडून चारही ड्राइव्हच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवतो ते आकडे, पाहिल्या. झाकण बंद करून, टेबल फॅन थांबवून अर्धा तास नेहमीचं काम चालू दिलं आणि आकडे घेतले. पिंजऱ्यात वरून खाली ५३, ५७, ५९, ५२. मधले दोन सर्वांत गरम, कारण चारही ड्राइव्ह एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसवले होते. साडेतीन इंची ड्राइव्हची जाडी साधारण २६ मिलिमीटर असते. लागोपाठच्या खणांत बसवले की दोघांच्या मध्ये बोटही जात नाही, आणि मधल्याला आपली उष्णता टाकायला जागाच उरत नाही. बहुतेक डेस्कटॉप ड्राइव्हच्या माहितीपत्रकात चालू असतानाची वरची मर्यादा ६० अंश दिलेली असते. आम्ही तिच्या उंबरठ्यावर उभे होतो.

तिसऱ्या ड्राइव्हच्या १९७ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे वाचता न आलेल्या आणि निकाल लागायच्या बाकी असलेल्या सेक्टरच्या (ड्राइव्हवरच्या साठवणुकीच्या बारीक तुकड्यांच्या) नोंदीत, १८ दिसत होतं. इथे बरेच जण फसतात. हा प्रोग्राम मूळ सेटिंगमध्ये हे आकडे सोळा-आधारी दाखवतो, म्हणजे डावीकडचा १ हा दहाचा नाही तर सोळाचा, आणि १८ हे खरे १६ अधिक ८, २४. हल्लीच्या ड्राइव्हमध्ये एक भौतिक सेक्टर ४ किलोबाइटचा, म्हणजे ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांएवढा असतो, म्हणून हा आकडा बहुधा आठच्या पटीतच वाढतो. तीन जागा गेल्या होत्या.

दुसऱ्या ड्राइव्हची १९९ क्रमांकाची नोंदही चढलेली होती. तिचा उष्णतेशी संबंध नाही. ती ड्राइव्ह आणि बोर्ड यांच्यातल्या केबलवर डेटा चुकला की वाढते. झाकण बसावं म्हणून साटा केबल काटकोनात दाबली होती, तिथेच दोष होता. मशीन तापलं की सगळं खापर उष्णतेवर फोडायची घाई होते, म्हणून हे वेगळं नोंदवतो.

एक प्रश्न मी स्वतःलाच विचारला: हे सेक्टर उष्णतेनेच गेले का? तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त ड्राइव्हचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान वाढलं की बिघाड वाढतात असा सरळ संबंध दिसला नव्हता. वाढ दिसली ती अगदी वरच्या तापमानाला आणि तीन-चार वर्षं वापरलेल्या ड्राइव्हमध्ये. आमचा ड्राइव्ह जुना होता आणि वरच्या टोकालाच चालत होता. शिवाय गावात वीज दिवसातून दोनदा जाते आणि यूपीएसची बॅटरी दमलेली होती. कारणं एकात एक गुंतलेली होती. पण ५९ अंश कमी करायला आणि डेटा वाचवायला पक्कं निदान हातात असायची गरज नव्हती.

अगरबत्तीने काय दाखवलं

कॅबिनेटमध्ये आधीच तीन पंखे फिरत होते: मागे १२० मिलिमीटरचा, बाजूच्या झाकणावर कुणीतरी नंतर बसवलेला ८० मिलिमीटरचा, आणि एसएमपीएसचा स्वतःचा. पंख्याच्या ज्या बाजूला स्टिकर आणि आधाराच्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. त्या हिशेबाने तपासलं तर तिन्ही हवा बाहेरच फेकत होते. आत घेणारा एकही नव्हता.

मग आत येणारी हवा येत कुठून होती? दुकानात गणपतीपुढची अगरबत्ती होती. दादांची परवानगी घेऊन ती उचलली, कूलर पाच मिनिटं बंद केला आणि मशीन चालू ठेवून कॅबिनेटभोवती फिरवली.

समोरच्या चेहऱ्यापाशी धूर सरळ वर गेला, जणू मशीन बंदच आहे. कडेच्या खाचांपाशी किंचित हलला. मागे नेली तर ग्राफिक्स कार्डाच्या खाली रिकाम्या खाचा झाकणाऱ्या दोन पट्ट्यांच्या जागा उघड्या होत्या, त्या पट्ट्या कधीच्या हरवल्या होत्या. तिथे धूर झपकन आत ओढला गेला आणि हातभर वर, मागच्याच पंख्यातून बाहेर आला. दादा वाकून बघत होते. म्हणाले, "म्हणजे हवा मागूनच येऊन राहिली अन् मागूनच जाऊन राहिली?"

नेमकं तेच. हवा सर्वांत जवळची वाट धरते. तीन पंखे मिळून कॅबिनेटच्या मागच्या वीतभर जागेत हवा गोल फिरवत होते आणि पुढच्या तळाशी असलेला ड्राइव्हचा पिंजरा कोंडलेला होता. त्यात एसएमपीएसच्या न वापरलेल्या केबलींची मोळी बरोबर पिंजरा आणि बोर्ड यांच्या मध्ये कोंबलेली. या अवस्थेत चौथा पंखा मागे किंवा वर लावला असता तरी ड्राइव्हला त्याची झुळूकही लागली नसती.

समोरचे पर्याय

झाकण उघडं आणि टेबल फॅन हा चालू उपाय मी हसण्यावारी नेला नाही, मोजला. तिसरा ड्राइव्ह ५९ वरून ५१ वर आला, म्हणजे उपयोग होता. पण कूलरची दमट हवा, रस्त्याची धूळ आणि वाळ्याचे तंतू मिळून आत ओल्या नमद्यासारखा थर बसला होता. पाल एसएमपीएसमध्ये शिरून सगळं मशीन गेल्याची प्रकरणं माझ्याकडे दरवर्षी येतात. दुकानात लहान मुलंही येतात. दोन-चार दिवसांसाठी हा उपाय ठीक, अख्ख्या मोसमासाठी नाही.

एसी बसवायचा विचार दादांच्या डोक्यात होता. इथे मी त्यांना एक हिशेब मांडून दाखवला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. ड्राइव्ह ५९ आणि खोली ३८, फरक २१ अंशांचा. एसीने खोली २८ वर आणली तर ड्राइव्ह साधारण ४९ वर येईल, फरक मात्र २१ चाच राहील. तो फरक कॅबिनेटमधल्या कोंडमाऱ्याचा आहे. पंख्यांनी तो फरक कमी होतो, पण पंखा ड्राइव्हला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. खोली गार करणं आणि कोंडमारा फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं कितीतरी स्वस्त आहे.

नवं कॅबिनेट हा पर्याय मला स्वतःला आवडत होता, म्हणून त्यावर जास्त वेळ गेला. समोर पूर्ण जाळी असलेली कॅबिनेटं आता परवडतात. पण जी दोन-तीन मॉडेलं मिळण्यासारखी होती, त्यांत साडेतीन इंची ड्राइव्हची सोय फक्त दोनाची, तीही खाली एसएमपीएसच्या बंद कप्प्यात. ग्राफिक्स कार्डाला तिथे भरपूर हवा मिळते, ड्राइव्हला जवळजवळ नाहीच. जुन्या कॅबिनेटमध्ये निदान पिंजऱ्यासमोर १२० मिलिमीटरच्या पंख्याची जागा तयार होती, फक्त रिकामी. ज्याला ड्राइव्ह जास्त लागतात त्याने जुना पत्रा भंगारात घालायच्या आधी पिंजरा मोजावा.

ड्राइव्ह बाहेरच्या यूएसबी डब्यांत हलवायचंही बोलणं झालं, पण पंखा नसलेला प्लॅस्टिकचा डबा या खोलीत त्याहून वाईट ठरला असता.

ठरलं ते असं: आहे त्याच कॅबिनेटला समोरून हवा द्यायची. मात्र त्याआधी कॉपी.

काम

हा क्रम दादांच्या गळी उतरवायला अर्धा तास लागला. त्यांचं म्हणणं होतं की आधी मशीन थंड करू, मग निवांत कॉपी घेऊ. मला उलट वाटत होतं. ड्राइव्ह पिंजऱ्यातून काढणं, हलवणं, पुन्हा चालू करणं यातलं काहीही दुखऱ्या ड्राइव्हला शेवटचा धक्का देऊ शकतं. आणि "आख्खा ड्राइव्ह एकदा स्कॅन करून बघू" हे तर कॉपीच्या आधी अजिबात नको. उरलेली ताकद डेटा काढण्यात जावी, तपासणीत नाही.

पण तासन्‌तास चालणारी कॉपी ड्राइव्हला तापवणारच. म्हणून ती रात्री सुरू केली, खोली ३२-३३ वर उतरल्यावर. झाकण उघडंच ठेवलं आणि टेबल फॅनचा झोत बोर्डावरून काढून पिंजऱ्यावर आणला. अल्बम न दिलेली या मोसमातली पाच लग्नं आधी, मग गेल्या वर्षीची, मग बाकीचं. कॉपी रोबोकॉपी या विंडोजमधल्याच कमांडने केली. एखादी फाइल वाचता आली नाही तर ती दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून पुन्हा वाचायची, अशी त्याची मूळ सवय असते. म्हणजे एका खराब फाइलवर अख्खी रात्र जायची. म्हणून एकच प्रयत्न करून पुढे जायला सांगितलं. सकाळपर्यंत अडीच टीबी नव्या ड्राइव्हवर आलं होतं आणि न निघालेल्या अकरा फाइलींची यादी तयार होती.

मग मशीन गॅलरीत नेलं. ब्लोअर मारण्याआधी ड्राइव्ह काढून बाजूला ठेवले, कारण त्यांच्या पाठीवरच्या श्वासाच्या छिद्रावर झोत मारायचा नसतो. पंख्यांची पाती पेन्सिलने अडवून धरली. ती मोकाट फिरली तर बेअरिंगला मार बसतो.

समोरचा चेहरा काढला तर आत खाचांच्या मागे स्पंजाची पट्टी होती, इतकी भरलेली की तळहातावर ठेवून फुंकर मारली तर पलीकडे काही जाणवेना. ती साबणाच्या पाण्यात धुतली आणि पूर्ण सुकल्यावर परत लावली. पिंजऱ्यासमोर १२० मिलिमीटरचा पंखा, तोंड बाहेर आणि स्टिकर ड्राइव्हकडे. १ टीबीचा जुना ड्राइव्ह मशीनमधून काढून टाकला. तिसऱ्या, दुखऱ्या ड्राइव्हची जागा नव्याने घेतली. एक ड्राइव्ह ब्रॅकेट लावून वरच्या रिकाम्या डीव्हीडीच्या खणात गेला आणि पिंजऱ्यात उरलेल्या दोघांच्या मध्ये एक खण मोकळा सुटला. स्क्रू चारही बसवले. ते धातूच्या पिंजऱ्याला घट्ट लागले की थोडी उष्णता पत्र्यातूनही निघून जाते. मागच्या दोन पट्ट्या माझ्याकडच्या भंगार कॅबिनेटमधून आणून बसवल्या. केबलींची मोळी डीव्हीडीच्या खणांमागे बांधली आणि साटा केबल नवी, सैल वळणाने घेतली.

संध्याकाळी ड्राइव्ह ४३-४४ दाखवत होते. मी समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंचा फोन आला, कॉपी लावलीये आणि ५४ झालेत. गेलो. पंखा फिरत होता, पण इतका सावकाश की पाती मोजता यावीत. कारण कळायला वेळ लागला नाही. पंखा बोर्डाच्या कॅबिनेट-पंख्याच्या पिनांवर होता आणि बायोस, म्हणजे बोर्डात मुळातच असलेला प्रोग्राम, त्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावरून ठरवत होतं. फाइली कॉपी होताना प्रोसेसरला फारसं काम नसतं, तो थंड असतो. बायोसला हार्ड ड्राइव्हचं तापमान दिसतच नाही. त्यामुळे ड्राइव्ह सर्वांत जास्त राबत असताना त्यांच्यापुढचा पंखा सर्वांत हळू फिरत होता. बायोसमध्ये जाऊन त्या पंख्याचा वेग मिनिटाला १००० फेऱ्यांच्या आसपास कायमचा बांधून टाकला. आवाज कूलरपुढे ऐकूही येत नव्हता.

बाजूच्या झाकणावरचा ८० चा पंखा तोवर मी तसाच ठेवला होता. अगरबत्ती पुन्हा फिरवली तेव्हा समोरून आलेल्या हवेतली बरीचशी त्या वाटेने अर्ध्यातच निसटताना दिसली. उलटा लावायचा, काढायचा, की राहू द्यायचा? उलटा लावून पाहिला. ग्राफिक्स कार्ड थोडं उतरलं, पण पंख्याला जाळी नसल्याने धूळ थेट आत यायची. शेवटी तो काढला आणि ते भोक आतून स्टुडिओतल्याच लॅमिनेशनच्या शीटने बंद केलं.

परिणाम

मोजमाप कसं घेतलं हे आधी सांगायला हवं. एक साधा डिजिटल तापमापक कॅबिनेटच्या पुढे, हवा आत जाते तिथे टांगला. ताईंनी ऑर्डरच्या वहीच्या शेवटच्या पानावर दहा दिवस, दुपारी तीन ते चारच्या दरम्यान, कॉपी किंवा रेंडरिंग चालू असताना खोलीचा आणि तिन्ही ड्राइव्हचा आकडा लिहिला.

खोली ३८ असताना पिंजऱ्यातले दोघे ४५ आणि ४६ वर राहिले. खोलीपेक्षा सात-आठ अंश जास्त, पूर्वीच्या २१ ऐवजी. डीव्हीडीच्या खणातला मात्र ५० वर गेला. तिथे समोर पंखा नाही, हे मी ब्रॅकेट लावतानाच लक्षात घ्यायला हवं होतं. पाचव्या दिवशी त्या खणावरचं प्लॅस्टिकचं बंद झाकण काढून तिथे जाळी लावली आणि तो ४७ वर स्थिरावला. हवा मागच्या पंख्याच्या ओढीने आपोआप तिथूनही यायला लागली.

१९९ ची नोंद केबल बदलल्यानंतर एकदाही पुढे सरकली नाही. ती कमी कधीच होत नाही, वाढायची थांबली एवढंच पाहायचं असतं.

अकरा फाइलींपैकी आठ ग्राहकांना दिलेल्या पेन ड्राइव्हमधून परत मिळाल्या. तीन कायमच्या गेल्या. दोन वर्षांपूर्वीच्या एका हळदीचे तीन फोटो. दादांनी त्या घरी फोन करून ते स्वतः सांगितलं.

दोन पंखे घेतले होते, एक लावला, एक राखीव ठेवला. ते, जाळी, ब्रॅकेट आणि केबल मिळून दीड हजारांच्या आत झालं. नवा ४ टीबीचा ड्राइव्ह वेगळा, आणि तो तर कसाही लागणारच होता.

पुन्हा करायचं झालं तर

तापमापक पहिल्याच दिवशी टांगला असता. पहिल्या संध्याकाळचे ४३-४४ पाहून मी खूश झालो, पण तेव्हा खोलीच ३४ ची होती आणि ड्राइव्ह रिकामे बसले होते. खोलीचा आकडा शेजारी लिहिला असता आणि एक मोठी कॉपी लावून पाहिली असती, तर बायोसची गोष्ट त्याच रात्री उघडी पडली असती.

कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर येत होता, त्याकडे मी उशिरा पाहिलं. मशीनला गार हवा मिळते म्हणून तो मुद्दाम तसा ठेवला होता. पण धूळ ओली होऊन चिकटायची ती त्यामुळेच. कूलरची तोंडं वर वळवून टेबल हातभर सरकवलं, खोलीच्या आकड्यात काही फरक पडला नाही.

यूपीएसची बॅटरी मी त्याच फेरीत बदलून घ्यायला लावायला हवी होती. तो विषय "पुढच्या महिन्यात" म्हणून राहिला आणि जूनच्या पहिल्या वादळात मशीन तीनदा धाडकन बंद पडलं. ड्राइव्हना काही झालं नाही. मग बॅटरी आली.

दुखऱ्या ड्राइव्हचं काय करायचं यावर आमचं एकमत झालं नाही. पूर्ण फॉरमॅटनंतर १९७ ची नोंद शून्यावर आली आणि ५ क्रमांकाची, बदली दिलेल्या सेक्टरची, वाढली. दादांना वाटतं, सुधारला. मी म्हणालो, त्याच्यावर एकुलती एक प्रत कुठलीच ठेवू नका. तो आता कपाटात आहे, दिलेल्या अल्बमांची तिसरी प्रत घेऊन.

समोरची स्पंजाची पट्टी महिन्यातून एकदा धुवायची असं ठरलं, पण तारीख लक्षात कोण ठेवणार? ताईंनीच तोड काढली. दुकानात दर अमावस्येला नारळ फुटतो आणि सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं. आता त्या दिवशी सकाळी आधी पट्टी धुऊन गॅलरीत वाळत पडते, मग नारळ.